लखनऊच्या व्हरांड्यातील ऑर्किड

लखनऊला बागांची हौस जुनी आहे. वाजिद अली शाहाच्या काळातील सिकंदरबागेच्या परिसरात पुढे राष्ट्रीय वनस्पती उद्यान उभे राहिले. 1953 मध्ये ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले आणि 1978 पासून राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. गुलाब, शेवंती आणि बोगनवेल या शहरात घरोघरी रुळलेल्या आहेत. ऑर्किड मात्र अद्याप परकेच वाटते, आणि हौसेने आणलेले पहिले रोप पुष्कळदा वर्षभरातच मरते. ते का मरते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

वस्तुतः ऑर्किड येथे परके नाही. आंब्यासारख्या जुन्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारी, अनेक ठिकाणी रास्ना म्हणून ओळखली जाणारी व्हँडा टेसेलाटा ही ऑर्किडच होय. सह्याद्रीतील सीतेची वेणीही याच कुळातली. अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स यांनी ‘व्हँडा’ हे नाव संस्कृत ‘वन्दा’ या शब्दावरून घेतले. वन्दा म्हणजे बांडगूळ. नाव गोड असले, तरी त्याबरोबर एक गैरसमजही शास्त्रात शिरला. बांडगूळ आधाराच्या झाडाचा रस शोषते. व्हँडा त्या झाडाकडून केवळ बसायला जागा घेते. तिची मुळे हवेत लोंबत असतात आणि पाऊस, दव व सालीच्या फटींत साठलेला पालापाचोळा यांवर तिचा निर्वाह चालतो.

फुलबाजारात नवशिक्याच्या हाती बहुधा फॅलेनॉप्सिस पडते. तेही मूळचे झाडावरचेच. त्याच्या मुळावर मृत पेशींचे, स्पंजासारखे पांढुरके आवरण असते. पाणी मिळताच ते क्षणात भिजते व मूळ हिरवे दिसू लागते. कोरडे झाले की पुन्हा रुपेरी होते. पाणी केव्हा द्यावे, हे मूळच असे सांगत असते. परंतु रोप नेहमीच्या माती-शेणखतात लावले आणि तुळशीप्रमाणे रोज पाणी घातले, तर हे आवरण सतत ओले राहते, मुळाला हवा मिळत नाही आणि ते कुजते. मुळे गेली की पाने सुरकुततात. ती सुरकुतलेली पाहून घरची माणसे आणखी पाणी घालतात! तहानेने मेलेल्या ऑर्किडांपेक्षा मायेने बुडवलेली ऑर्किडे अधिक असावीत.

म्हणून कुंडी बाजूंनी भोके असलेली घ्यावी. तीत विटांचे तुकडे, लाकडी कोळसा व झाडाच्या सालीचे तुकडे भरावेत. मातीची मुळीच गरज नाही. पाणी सकाळी, खालून निथळेपर्यंत द्यावे. पानांच्या मध्यभागी साचलेले पाणी टिपून घ्यावे, आणि कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा अगदी सौम्य द्रवखत पुरते.

खरी परीक्षा लखनऊचे हवामान घेते. मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि लू वाहू लागते. तेव्हा रोपाला केवळ सकाळचे कोवळे ऊन असावे. वाळ्याच्या ताट्या किंवा कूलर यांनी थंडावलेल्या खोलीतील ओलसर हवा त्याला मानवते, मात्र कूलरचा झोत थेट अंगावर नको. या दिवसांत कुंडी दोन-तीन दिवसांत कोरडी होते. पावसाळ्यात हवेतच ओलावा असल्याने हात आखडता घ्यावा. पावसाचे पाणी साठवून ठेवले तर उत्तमच, कारण विंधणविहिरीच्या जड पाण्यातील क्षार मुळांवर पांढरे साचतात. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात फॅलेनॉप्सिसला पंधरा अंशांखालची थंडी सोसत नाही. त्याला रात्री घरात, खिडकीच्या गार काचेपासून दूर ठेवावे. तेव्हा आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी दिले तरी भागते.

रोप घेताना ते रोपवाटिकेतच वाढले असल्याची खात्री करावी. ऑर्किडच्या धुळीसारख्या बीजात अन्नसाठा जवळजवळ नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशीच्या साहाय्याखेरीज ते वाढत नाही. 1922 मध्ये ल्यूइस नडसन यांनी साखर व क्षार घातलेल्या माध्यमावर बुरशीविना बीजे रुजवून दाखवली, आणि रोपे मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची वाट मोकळी झाली. तरीही जंगलातून ओरबाडलेली रोपे विकली जातात. नीलव्हँडाला 1972 च्या वन्य जीव संरक्षण कायद्याचे संरक्षण 1991 च्या दुरुस्तीने द्यावे लागले, ते याच कारणाने.

फुले गळाल्यावर अनेक जण रोप मेले असे समजून ते टाकून देतात. ते जिवंतच असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लखनऊच्या रात्री गार होऊ लागल्या की काही आठवड्यांत पानाच्या बगलेतून एक हिरवे टोक बाहेर पडते. ते गोलसर व गुळगुळीत असेल तर मूळ. चपटे आणि हातमोज्याच्या अंगठ्यासारखे दुभंगलेले असेल तर फुलांचा दांडा. त्यानंतर कुंडी फिरवू नये, नाहीतर दांडा उजेडाकडे वळताना वाकडा होतो.