निकडीचें आणि महत्त्वाचें

दिवसाचे चोवीस तास रावालाहि तेवढेच आणि रंकालाहि तेवढेच. तरीहि रात्रीं दिवा मालवितांना पुष्कळांच्या मनांत एक रुखरुख असते. दिवसभर हात क्षणभर रिकामे नव्हते, परंतु जें करावयाचें होतें तें मात्र राहूनच गेलें! आळशी माणसाला या रुखरुखीचा स्पर्शहि होत नाहीं. ती सोसावी लागते उद्योगी माणसाला. तेव्हां तिचें मूळ शोधावयाचें तर तें कामांच्या क्रमांत शोधलें पाहिजे.

कांहीं कामें निकडीचीं असतात, कांहीं महत्त्वाचीं असतात. निकडीचें काम दार ठोठावतें. दूरध्वनीची घंटा, विजेचें बिल भरण्याची शेवटची तारीख, उतूं जाणारें दूध, कचेरींतून आलेला तांतडीचा निरोप, हीं सारीं त्याचींच रूपें. महत्त्वाचें काम बहुधा मुकाट्यानें बसून राहतें. वृद्ध वडिलांचे डोळे तपासून घेणें, घराचे कागदपत्र नीट लावून ठेवणें, मुलाला गणित कां जमत नाहीं हें त्याच्याजवळ बसून पाहणें, अर्धवट सोडलेला अभ्यास पुरा करणें, या कामांना शेवटची तारीख नसते. तीं आज राहिलीं तर कोणी रागावत नाहीं. उद्यां राहिलीं तरीहि नाहीं. आणि मग एके दिवशीं वडिलांची दृष्टि गेलेली असते, आणि मूल गणिताला भीतभीतच मोठें झालेलें असतें.

१९५४ सालीं अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं एव्हन्स्टन येथील एका भाषणांत हाच भेद सांगितला. एका माजी कॉलेज-प्रमुखाचा अनुभव म्हणून त्यांनीं तो सांगितला होता. त्या गृहस्थांपुढें येणारे प्रश्न दोन जातींचे असत, आणि निकडीचे प्रश्न सहसा महत्त्वाचे नसत व महत्त्वाचे सहसा निकडीचे नसत, असा त्याचा आशय होता. याच भेदावरून पुढें कामांच्या वर्गवारीचा चार घरांचा तक्ता निघाला व तो आयझेनहॉवर यांच्या नांवानें सर्वत्र प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्राला या भेदाचें उदाहरण हवें असेल तर तें लोकमान्य टिळकांच्या चरित्रांत सांपडतें. १८७२ सालीं वडिलांच्या अखेरच्या दुखण्यांत त्यांना गीतेवरील प्राकृत टीका वाचून दाखवितांना सोळा वर्षांच्या बाळ गंगाधराच्या मनांत गीतेच्या अर्थाविषयीं विचार सुरू झाला. तो पुढें कधींहि सुटला नाहीं. पण त्याला ग्रंथाचें रूप येण्यास १९१० सालचा हिवाळा उजाडावा लागला. मधल्या ३८ वर्षांत शाळा, कॉलेज, 'केसरी'चा दर आठवड्याचा अंक, दुष्काळ, प्लेग, खटले आणि सभा यांनीं त्यांचा दिवस व्यापून टाकला होता. यांतील एकहि काम क्षुल्लक नव्हतें; परंतु त्या प्रत्येकाची हांक तांतडीची होती, गीतेवरील ग्रंथाची नव्हती. १९०८ सालीं सहा वर्षांची शिक्षा होऊन ते ब्रह्मदेशांतील मंडाले येथील तुरुंगांत गेले, आणि तेथें १९१०-११ च्या हिवाळ्यांत पेन्सिलीनें त्यांनीं 'गीतारहस्य' लिहून काढलें. १९१५ सालीं तें प्रसिद्ध झालें. सरकारनें त्यांचें स्वातंत्र्य हिरावून घेतलें, त्याबरोबर दाराशीं येणारी सारी निकडहि बाहेरच राहिली.

तुरुंगावांचून अशी सवड कशी काढावी, याचें उत्तर इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप याच्या दिनक्रमांत आहे. १८३४ ते १८६७ अशीं ३३ वर्षें तो ब्रिटिश टपाल खात्यांत नोकरीला होता. या नोकरींत असतांनाच त्यानें अनेक कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या एकूण कादंबऱ्या ४७ भरतात. पहांटे साडेपांचाला मेजाशीं बसावयाचें आणि समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहावयाचे, असा त्याचा नेम होता. साडेआठापर्यंत लेखन आटोपून तो कचेरीच्या कामाला मोकळा होई. दिवसाची निकड सुरू होण्यापूर्वींच महत्त्वाचें काम हातावेगळें झालेलें असे.

परंतु या पहांटेच्या तासांना आणखीहि एक बाजू आहे. ट्रॉलपला वेळेवर उठवून कॉफी आणून देण्यास एक म्हातारा मोतद्दार होता, आणि त्याबद्दल त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळत. आपल्या यशाबद्दल इतर कोणाहीपेक्षां या नोकराचेच ऋण कदाचित् अधिक असेल, असें ट्रॉलपनें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. मंडाल्यासहि टिळकांच्या स्वयंपाकासाठीं एक कैदी दिलेला होता. एकाच्या महत्त्वाच्या तासाला दुसऱ्या कोणाच्या तरी कष्टांचा आधार असतो.

शहरांतील सुशिक्षित घरांत हा आधार बहुधा गृहिणीचा असतो. गृहस्थानें पहांटेचा तास वाचनाला राखला, आणि त्यासाठीं चहा, दूध, मुलांचे डबे व दारावरचा माणूस हें सारें पत्नीकडे गेलें, तर घरांतील निकड तिळमात्र कमी झाली नाहीं. ती एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर गेली, इतकेंच. तिचें सुटलेलें गाणें, तिचा राहिलेला अभ्यास, तिच्या दुखऱ्या गुडघ्यांची तपासणी, हीं तिचीं महत्त्वाचीं कामें वर्षानुवर्षें 'मग पाहूं' म्हणून पडून राहतात. म्हणून कामांचा क्रम एकट्यानें लावून भागत नाहीं; तो साऱ्या घरानें मिळून लावावा लागतो.

याला फार खटाटोपहि नको. रात्रींचें जेवण झाल्यावर दहा मिनिटें पुरतात. दुसऱ्या दिवसाचीं कामें कागदावर लिहावींत आणि प्रत्येकापुढें दोन प्रश्न विचारावेत: हें आज राहिलें तर काय बिघडेल? आणि वर्षभर राहिलें तर काय बिघडेल? ज्याच्या बाबतींत दोन्ही उत्तरें 'कांहीं नाहीं' अशीं येतील, तें काम खुशाल खोडून टाकावें. जें आज राहिल्यानें मोठें नुकसान होईल, तें अर्थातच आधीं करावें. पण जें आज राहिलें तर कांहींच बिघडत नाहीं आणि वर्षभर राहिलें तर पुष्कळ बिघडतें, त्याच्यापुढें घड्याळाची वेळ मांडावी. कारण त्याला स्वतःची वेळ नाहीं. दुखऱ्या दाढेकडे आज दुर्लक्ष केलें, तर पुढें भर मध्यरात्रीं ती स्वतःच निकड होऊन उठविते!

घरांतील प्रत्येकाला असें एक काम आणि त्यासाठीं अर्धा तास मिळावा. ज्याचा अर्धा तास चालूं असेल, त्याची निकड तेवढ्यापुरती दुसऱ्यानें सांभाळावी. गृहिणी पुस्तक घेऊन बसली असतां दाराची घंटा वाजली, तर गृहस्थानें उठावें. तो कागदपत्र लावीत असतां दूरध्वनि वाजला, तर मुलानें निरोप लिहून घ्यावा. उरलेल्या दिवसांत थोडी मोकळी जागाहि ठेवावी, कारण पाहुणा आणि ताप हे दोघेहि वर्दी देऊन येत नाहींत.

रोजचा अर्धा तास म्हणजे वर्षाचे १८० हून अधिक तास होतात. एवढ्या वेळांत एक भाषा वाचण्याइतपत शिकतां येते, वडिलांकडून त्यांच्या बालपणाच्या आठवणी लिहून घेतां येतात, मुलाचें गणिताचें भय घालवितां येतें. त्यासाठीं निकडीनें दार ठोठावलें असतां घरांतल्या कोणीतरी दुसऱ्यास म्हणावें लागतें, "तूं बैस, मी पाहतों."