पेटलेला नळ आणि पाण्याचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



जाहिरात म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बियाण्याचे पाकीट येते. पाकिटावर कपाशीचे झाड असते आणि झाडाला पानांपेक्षा बोंडे जास्त असतात. पाऊस किती पडला, खत किती घातले, बोंडअळी आली की नाही, यातले काही त्या चित्रात नसते. चित्र अगदीच खोटे असते असे नाही. कुठल्या तरी वावरात, कुठल्या तरी वर्षी तसे झाड उभे राहिलेही असेल. पण चित्र एका झाडाचे असते आणि आपण पैसे मोजतो ते सगळ्या वावराच्या आशेवर. अनेकदा ठेचा खाल्ल्यावर आता आपल्याला हे कळते. कंपनीची जाहिरात दिसली की आपण सावध होतो.

मला आज बोलायचे आहे ते दुसऱ्या बाजूच्या जाहिरातीबद्दल. पाणी वाचवा, जमीन वाचवा, कंपनीला हाकला, असे सांगणारी जाहिरात. ती आपल्या बाजूची वाटते, म्हणून आपण तिला प्रश्न विचारत नाही. मी अमेरिकेचे आणि इंग्लंडचे उदाहरण घेणार आहे, कारण तिथे फ्रॅकिंगच्या प्रश्नावर हा सामना दोन्ही बाजूंनी उघड्यावर झाला आणि काही ठिकाणी त्याचा निकालही लागला.

फ्रॅकिंग म्हणजे काय? आपल्याकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणा बोअरमध्ये दाबाने पाणी सोडून खडकातल्या भेगा मोकळ्या करते. त्याला हायड्रोफ्रॅक्चरिंग म्हणतात. तत्त्व तेच. फरक असा, की आपल्याकडे साधे पाणी वापरतात आणि तेही थोड्या खोलीवर. तेल आणि वायूसाठी मात्र हजारो फूट खाली जातात, तिथून आडवे भोक पाडतात आणि पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने आत घालतात. खडक तडकतो, वाळू भेगा उघड्या ठेवते आणि तेल-वायू वर येतो.

वाळू पाण्यात तरंगत राहावी म्हणून पाणी घट्ट करावे लागते, आणि त्यासाठी वापरतात गवारीचा डिंक. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, त्यातही राजस्थान-हरियाणाच्या कोरडवाहू जमिनीत. अमेरिकेत फ्रॅकिंग वाढले तशी गवारीच्या बियांना तेजी आली. भाव इतके भडकले की मार्च २०१२ मध्ये सरकारने गवारीचे वायदे बंद केले. पुढे तेलाचे भाव पडले आणि गवारही पडली. म्हणजे तिकडच्या एका घराचे पाणी आणि इकडच्या एका घराचा भाव एकाच भोकाला बांधलेले होते. जाहिरात कुठल्याही बाजूची असो, ही गाठ ती कधी दाखवत नाही.

आता विरोधाची जाहिरात कशी काम करते ते पाहू. २०१० साली 'गॅसलँड' नावाचा माहितीपट निघाला. त्यात कोलोरॅडो राज्यातला एक माणूस नळ सोडतो, काडी लावतो आणि पाण्यावर भडका उडतो. हे दृश्य जगभर फिरले. त्याला भाषांतर लागत नाही. हजारो फूट खालचे कोणालाच न दिसणारे काम त्याने एका क्षणात स्वयंपाकघरात आणून ठेवले. मन वळवण्याची पहिली युक्ती ही: न दिसणारी भीती दिसती करायची.

दुसरी युक्ती, बोलणारा माणूस निवडायचा. आई, लहान मूल, हातात पाण्याचा पेला. न्यूयॉर्क राज्यातल्या मोहिमेत २०१२ साली योको ओनोसारखे कलावंत उतरले. उद्योगानेही तेच केले. त्याच वर्षी त्यांनी 'ट्रुथलँड' नावाची फिल्म काढली आणि तिच्यात पुढे उभी केली पेनसिल्व्हेनियातली एक दूधवाली शेतकरी बाई, तीही आई. दोन्ही पक्षांना ठाऊक होते, की कंपनीच्या साहेबापेक्षा आणि पर्यावरणवाल्या पुढाऱ्यापेक्षा शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द जास्त खपतो. भावांनो, आपला चेहरा हा फार मोलाचा माल आहे. आणि त्याची किंमत आपल्याला सहसा कोणी विचारत नाही.

तिसरी युक्ती नावाची. 'फ्रॅक' हा शब्द इंग्रजी कानाला शिवीसारखा लागतो. विरोधकांनी त्यावरच घोषणा बांधल्या. चौथी युक्ती, प्रश्न घराशी आणायचा: 'तुमच्या गावाखाली', 'तुमच्या मुलांचे पाणी'. आणि पाचवी, माणूस घाबरला की लगेच त्याच्या हातात काम द्यायचे. सही करा, फोन करा, वर्गणी द्या. नुसता घाबरलेला माणूस घरी बसतो, काम मिळालेला माणूस मोर्चात येतो.

यात वाईट काय? यात मुळातच वाईट काही नाही. आपणही मोर्चाचे पत्रक असेच लिहितो. गरिबाकडे ना पैसा ना वर्तमानपत्र, त्याने लोकांचे लक्ष वेधायचे तरी कसे? प्रश्न चित्राचा नाही, चित्रामागे आधार काय आहे याचा आहे.

तो पेटलेला नळच घ्या. कोलोरॅडोच्या सरकारी तेल-वायू आयोगाने तिथल्या घरगुती बोअरची तपासणी केली होती. ज्या बोअरचे ते प्रसिद्ध दृश्य, त्यातला वायू जमिनीतला नैसर्गिक निघाला, तेलविहिरीचा नव्हे. मात्र त्याच माहितीपटात दाखवलेल्या आणखी एका बोअरमध्ये तेल-वायूच्या कामातून आलेला वायूही मिसळलेला सापडला. म्हणजे तक्रार खरी होती, पण चित्र चुकीच्या घरचे निवडले गेले. कंपन्यांना एवढे पुरले. पुढे जो कोणी पाण्याबद्दल बोलेल, त्याला ते म्हणू लागले, 'तुम्ही त्या नळवाल्यांपैकीच ना?'

इंग्लंडमध्येही तेच झाले. तिथे जाहिरातींवर देखरेख करणारी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटी नावाची संस्था आहे. क्वाड्रिला ही फ्रॅकिंग करणारी कंपनी. तिच्या पत्रकातली काही विधाने या संस्थेने २०१३ साली दिशाभूल करणारी ठरवली. पुढे 'फ्रेंड्स ऑफ द अर्थ' या पर्यावरणवादी संघटनेने पत्रक काढले. त्यात कॅन्सर, दमा, दूषित पाणी, घरांच्या पडणाऱ्या किमती, सगळे होते. आता क्वाड्रिलाने तक्रार केली. पुरेसा पुरावा दाखवता आला नाही आणि ती विधाने पुन्हा करणार नाही, असे संघटनेला २०१७ च्या जानेवारीत कबूल करावे लागले. एकाच काठीने दोघांनी मार खाल्ला. पण कंपनीला मार परवडतो. तिच्याकडे पैसा असतो, वकील असतात. चळवळीची पुंजी एकच असते, लोकांचा विश्वास. ती गेली की काही उरत नाही.

मग फ्रॅकिंगविरुद्ध खरे मुद्दे नव्हतेच का? भरपूर होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला. काही परिस्थितीत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो, असे तो म्हणतो, आणि कोणत्या ते सांगतो: पाणी कमी असलेल्या भागात उपसा, रसायनांची सांडलवंड, कच्चे बांधकाम असलेली विहीर, वापरलेल्या पाण्याची चुकीची विल्हेवाट. यात कॅन्सरची आरोळी नाही, पण यातला एकेक मुद्दा मोजता येतो, तपासता येतो.

आणि इंग्लंडमध्ये काम थांबले ते कशाने? २६ ऑगस्ट २०१९ रोजी लँकेशायरमध्ये क्वाड्रिलाच्या जागेवर २.९ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. तो यंत्रावर नोंदला गेला, कोणाला नाकारता येईना. नोव्हेंबरमध्ये सरकारने फ्रॅकिंगला स्थगिती दिली. २०२२ साली एका पंतप्रधानबाईंनी ती उठवली आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या जागी आलेल्या पंतप्रधानांनी पुन्हा लावली. पत्रकातला दमा टिकला नाही, यंत्रावरची रेघ टिकली.

आकड्यांनीसुद्धा मन वळवता येते, म्हणून पाण्याचा हिशेब करू. अमेरिकेत एका विहिरीच्या फ्रॅकिंगला अंदाजे ५७ लाख ते ६ कोटी लिटर पाणी लागते. सहा कोटी लिटर म्हणजे १० हेक्टर रानावर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर तेवढे सगळे पाणी. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. आता कंपनीचा माणूस सांगतो: सबंध टेक्सास राज्यात शेल वायूसाठी लागणारे पाणी राज्याच्या एकूण वापराच्या एक टक्क्याहून कमी आहे. हेही खरेच. मग खोटे कोण? कोणीच नाही. एक जण विहीर दाखवतो, दुसरा राज्य. आपण विचारायचे ते तालुक्याचे: पाणी कोणत्या शिवारातून घेणार, उन्हाळ्यात की पावसाळ्यात, आणि त्या शिवारात प्यायला किती उरणार?

आणि पैशाचा प्रश्न तर दोन्ही जाहिराती टाळतात. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जमिनीखालच्या खनिजावर शेतकऱ्याची मालकी असते. पेनसिल्व्हेनियात कायद्याने किमान एक-अष्टमांश रॉयल्टी मिळते. म्हणून तिथल्या कित्येक शेतकऱ्यांनी स्वखुशीने सह्या केल्या, आणि त्यांना भोळे म्हणणे हा त्यांचा अपमान आहे. आपल्याकडे तेल-वायूचा परवाना सरकार देते. शेतकऱ्याच्या वाट्याला जमिनीचा मोबदला आणि शेजाराचा धोका. कावेरीच्या खोऱ्यातले शेतकरी मिथेन आणि हायड्रोकार्बन प्रकल्पांविरुद्ध वर्षानुवर्षे लढले आणि २०२० साली तामिळनाडू सरकारला तिथे संरक्षित शेती क्षेत्राचा कायदा करावा लागला.

तेव्हा कोणतेही पत्रक हातात आले, आपल्या बाजूचे असले तरी, चार प्रश्न विचारा. हे चित्र कुठले, आणि त्या जागेची तपासणी झाली का? 'होईल' म्हटले आहे की 'होऊ शकते', आणि कोणत्या परिस्थितीत? आकडा विहिरीचा, तालुक्याचा की राज्याचा? आणि यात शेतकऱ्याचे काय जाते, काय मिळते, ते लिहिले आहे का?

उद्या आपल्यालाही पाण्यासाठी पत्रक काढावे लागेल. तेव्हा आधी गावातल्या विहिरींची पातळी दर महिन्याला दोरीने मोजून वहीत लिहा, पाण्याचे नमुने तपासून घ्या, तारखा टाका. चित्र त्यानंतर काढा, आणि हवे तेवढे भडक काढा. मागे वही असली की कलेक्टर कचेरीत कोणाचा वकील आला तरी घाबरण्याचे कारण नाही.