घर बदलल्यावर बुजरं कुत्रं पळू नये म्हणून



गावठाणातलं घर सोडून मळ्यात वस्तीला जाणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. भावाभावांच्या वाटण्या होतात, विहिरीला पाणी लागतं, गोठ्यात चार जनावरं वाढतात, आणि मग माणूस रानात घर बांधतो. सामान ट्रॉलीत भरलं जातं, गाई-म्हशी चालत नेल्या जातात, कोंबड्या डालग्यात बसतात. कुत्र्याचा विचार मात्र कुणी केलेला नसतो. "येईल की मागोमाग," असं म्हणतात. तसं ते येतंही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर कुत्र्याचा पत्ता नाही. नशीब असेल तर जुन्या घराच्या ओट्यावर, कुलूप लावलेल्या दारापुढं बसलेलं सापडतं. नसेल तर सापडतच नाही.

धीट कुत्र्याचं एक वेळ निभावतं. जे मुळातच बुजरं आहे, भांडं पडलं तरी खाटेखाली शिरतं, त्याचं काय करायचं, हे आज आपण पाहू.

कुत्रं पळतं कशानं?

कुत्रं पळालं की आपण म्हणतो, "खाल्ल्या अन्नाला जागलं नाही." हे खरं नव्हे. कुत्रं घर ओळखतं ते मुख्यतः नाकानं. ज्या कोपऱ्यात ते निजलं, ज्या खांबाला अंग घासलं, ज्या दगडावर रोज मुतलं, त्या सगळ्याला त्याचा स्वतःचा वास असतो. नव्या घराला वास येतो सिमेंटचा आणि रंगाचा. रात्रीचे आवाजही निराळे. अशा वेळी भेदरलेलं जनावर ओळखीच्या वासाकडं धाव घेतं. त्या धावेत त्याला ना मालकाची हाक ऐकू येते, ना सडकेवरची गाडी दिसते.

आता धनगरांचा वाडा डोळ्यांपुढं आणा. दसरा-दिवाळीनंतर मेंढरं निघतात. आज या शेतात बसतात, उद्या त्या शेतात. मुक्काम सारखा नवा. तरी त्यांचं कुत्रं वाड्यासोबत राहतं. कारण त्याचं घर म्हणजे जागा नव्हे. मेंढरं, घोडं आणि ती माणसं, हेच त्याचं घर. आपलं ओट्यावरचं कुत्रं मात्र जागेला धरून असतं. तेव्हा आधी त्याचा जीव माणसांत गुंतवायचा आणि मग नव्या जागेत रुजवायचा. काम एवढंच आहे, पण त्याला दिवस द्यावे लागतात.

जाण्याआधीची तयारी

तयारी महिनाभर आधी सुरू करा. कुत्रं कधीच बांधलेलं नसेल तर त्याला पट्ट्याची सवय लावा. पट्टा आणि मान यांच्यामध्ये आपली दोन बोटं जावीत. सैल पट्टा कामाचा नाही. बुजरं कुत्रं मागं सरकतं आणि मान काढून घेतं. म्हणून मानेच्या पट्ट्याबरोबर पुढच्या पायांमागून जाणारा छातीचा पट्टाही घालावा. तो दुकानात मिळतो, नाहीतर जाड सुती पट्टीचा घरी शिवता येतो. दोरी सुती घ्या. नायलॉनची दोरी काचते.

पट्ट्यावर न पुसणाऱ्या शाईनं आपला मोबाईल नंबर लिहा. मोबाईलमध्ये कुत्र्याचे दोन स्पष्ट फोटो काढून ठेवा, एक समोरून आणि एक बाजूनं.

रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगावरची, लस टोचली आहे की नाही ते पाहा. पिलू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस द्यावी, आणि पुढं पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दर वर्षी, द्यावी. नव्या वस्तीवर भटकी कुत्री, कोल्हे यांच्याशी गाठ पडते. लस आधी टोचलेली असली म्हणजे मोठा घोर मिटतो.

घर बांधणं चालू असताना कुत्र्याला आठवड्यातून दोनदा तरी सोबत मळ्यात न्या. तिथं भाकरीचा तुकडा द्या, तासभर बसू द्या आणि परत आणा. जागेची थोडी ओळख झाली की निम्मं काम झालं.

हलवण्याचा दिवस

या दिवशी दारं उघडी, माणसांची ये-जा, भांड्यांचा खडखडाट. बुजरं कुत्रं अशाच वेळी निसटतं. म्हणून सकाळीच त्याला जुन्या घरातल्या एका खोलीत बंद करा. सगळं सामान गेल्यावर शेवटी त्याला न्या, आणि ज्या माणसाचा त्याला लळा आहे त्यानंच न्या.

ट्रॉलीच्या आकड्याला मानेनं बांधून कुत्रं कधीही नेऊ नका. ते घाबरून उडी मारतं आणि फास बसतो. जीप किंवा टेम्पोच्या बंद भागात, माणसाच्या पायाशी धरून न्यावं. निघण्यापूर्वी पोटभर खायला घालू नका. थोडं पाणी पुरे.

आणि एक सांगतो. त्याचं निजायचं गोणपाट धुऊ नका. कितीही मळकं असलं तरी तसंच न्या. जेवणाचं परळही तेच ठेवा. नव्या घरात त्याच्या ओळखीचा वास एवढाच असतो.

पहिले पंधरा दिवस

पहिले तीन दिवस कुत्र्याला एका बंद जागेत ठेवा. पडवीला दार असेल तर पडवी, नाहीतर कडब्याची खोली. हवा खेळती असावी, पाणी सारखं भरलेलं असावं. पाहुण्यारावळ्यांना आणि पोरासोरांना तिकडं जमू देऊ नका. घरातल्या एकानं मधून मधून जाऊन नुसतं शेजारी बसावं. ते कोपऱ्यात दडलं तर ओढून काढू नये. आपण होऊन येईल.

भाकरी जुन्याच वेळेला, जुन्याच माणसाच्या हातची द्या. "चार दिवस उपाशी ठेवा, मग वळणावर येतं," असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. ज्या घरात उपास घडतो ते घर कुत्र्याला आपलं वाटणार कसं?

सकाळ-संध्याकाळ दोरीनं धरून बाहेर न्या. वाट रोज एकच ठेवा: घर, गोठा, बांध आणि परत घर. त्याला हुंगू द्या, ठिकठिकाणी मुतू द्या. घाई करू नका. त्या खुणांवरूनच ते आपली शीव आखून घेत असतं.

चौथ्या दिवसापासून वीस-पंचवीस फुटांची दोरी लावून, आपल्या देखत, अंगणात बसू द्या. दोरी विहिरीजवळ, कुंपणाजवळ किंवा झाडाला गुंडाळली जाईल अशी नको. रोज दोरीच्या टोकाशी उभं राहून नावानं हाक मारा. आलं की लगेच तुकडा द्या. दिवसातून पाच-सहा वेळा हे केलं की हाकेला यायची सवय अंगी मुरते.

पंधरा दिवसांनी, संध्याकाळी जेवणापूर्वी, भूक लागलेली असताना, दहा मिनिटं मोकळं सोडा आणि हाक मारून जेवायला बोलवा. रोज थोडी वेळ वाढवा. अजून कान पाडून, शेपूट पोटाखाली घालून बसत असेल तर आणखी पंधरा दिवस थांबा. सगळ्या कुत्र्यांना एकच हिशेब लागू पडत नाही.

पण दोरी म्हणजे जन्मठेप नव्हे, हेही ध्यानात असू द्या. कायम साखळीला असलेलं कुत्रं आणखी बुजरं होतं किंवा चावरं होतं. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं जनावराला आखूड किंवा जड साखळीनं फार काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे.

रात्र आणि मोठे आवाज

रात्री कुत्र्याला बाहेर बांधू नका. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर यांसारख्या तालुक्यांत उसाच्या रानात बिबट्याचा वावर आहे. बांधलेलं कुत्रं त्याला आयतंच सापडतं. "मग राखण कोण करणार?" असं कुणी म्हणेल. राखण भुंकण्यानं होते, आणि बंद पडवीतूनही भुंकता येतंच.

दिवाळीचे फटाके, लग्नाची वरात, वळवाचा कडकडाट, यांच्या आधीच कुत्र्याला आत घ्या. त्या वेळी शेजारी बसून अंगावरून हात फिरवला तर भित्रेपणा वाढतो, असा समज आहे. तो चुकीचा आहे. भ्यालेल्या जनावराला माणसाचा आधार वाटतो.

नर कुत्रं माजावर आलेल्या कुत्रीच्या वासानंही दूरवर जातं. पिल्लं नको असतील तर पशुवैद्यकांना विचारून नसबंदी करून घ्यावी. भटकणं बरंच कमी होतं.

पळालंच तर

एवढं करूनही निसटलं, तर त्याच्या मागं धावू नका. आपण धावलो की ते अधिक जोरानं पळतं. दृष्टीच्या टप्प्यात असेल तर खाली बसा, अंग आडवं वळवा, नेहमीच्या स्वरात हाक मारा आणि भाकरी टाका.

नजरेआड गेलं असेल तर पहिला माणूस जुन्या घरी पाठवा. तिथल्या शेजाऱ्यांना सांगून ठेवा, "कुत्रं आलं तर हाकलू नका, दगड मारू नका. पाणी ठेवा आणि फोन करा." दुसऱ्यानं दोन्ही घरांमधल्या वाटेनं पहाटे आणि तिन्हीसांजेला शोधावं. त्या वेळी रहदारी कमी असते आणि दडलेलं कुत्रं बाहेर येतं. दूध संकलन केंद्र, एसटीचा थांबा, मेंढपाळ यांना सांगा. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाका. नव्या घराच्या दारात त्याचं गोणपाट आणि पाणी रात्रभर राहू द्या.

पकडताना ओळखीचं कुत्रंही भीतीनं चावू शकतं. चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. चुना, तिखट, तेल काही लावू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. वेळेवर इलाज केला तर मात्र तो टळतो. कुत्र्याच्या अंगावर दुसऱ्या जनावराच्या चाव्याची जखम दिसली, तर त्यालाही पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

आणि शेवटची, पण महत्त्वाची गोष्ट. परत आलेल्या कुत्र्याला मारू नका. मार आपल्याला पळण्याबद्दल दिलेला वाटतो. कुत्र्याला तो परत येण्याबद्दल मिळालेला कळतो. पुढच्या वेळी ते दारापर्यंत येईल आणि दारातून मागं फिरेल. चार शिव्या ओठांवर आल्या तरी गिळा, भाकरी द्या आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करा.

ऊसतोडीला जाणाऱ्या बांधवांनीही हे ध्यानात घ्यावं. तळावर पोचल्यावर पहिले काही दिवस कुत्रं दोरीला, कोपीजवळ ठेवा, आणि परतताना त्याला मागं सोडून येऊ नका.

थोडक्यात सांगायचं तर आधी पट्टा, लस आणि मळ्याची ओळख. मग तीन दिवस बंद खोली, पंधरा दिवस दोरी, रोज एकच वाट. रात्री आत, आणि परत आल्यावर मार नाही. एवढं पाळलंत तर पुढच्या पाडव्यापर्यंत तुमचं कुत्रं मळ्याच्या बांधावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर हक्कानं भुंकेल.

राम राम!