दार वाजवणारं कुणीतरी हवं



मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मोशीत राहते. मोशीतल्या कुणालाही पाण्याविषयी वेगळं सांगावं लागत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं, त्यामुळे प्रकल्पासाठी मी पाणीपुरवठ्याच्या जाळ्याचाच विषय निवडला. कुठली नळवाहिनी किती व्यासाची टाकावी म्हणजे खर्च कमी येईल आणि शेवटच्या घरालाही दाब मिळेल, हे शोधायच्या अनेक पद्धती आहेत. त्यातली एक २००१ साली मांडली गेली. वादक एकमेकांचं ऐकत सूर जुळवत नेतात, त्या कल्पनेवर ती उभी आहे. तिच्या तीन लेखकांत एक नाव भारतीय होतं, जी. व्ही. लोगनाथन. हे गृहस्थ कोण म्हणून शोधायला गेले आणि वेगळ्याच वाचनात अडकले.

लोगनाथन मूळचे तमिळनाडूचे. आयआयटी कानपूरला शिकले, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातून पीएच.डी. झाले आणि व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात शिकवू लागले. १६ एप्रिल २००७ च्या सकाळी ते नॉरिस हॉल या इमारतीत जलविज्ञानाचा तास घेत होते. त्याच विद्यापीठातला एक विद्यार्थी दोन पिस्तुलं घेऊन इमारतीत शिरला. लोगनाथन सर गेले, त्यांच्या वर्गातली बहुतेक मुलं गेली. त्या दिवशी एकूण ३२ जण मारले गेले. मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला गेलेली एक मुलगीही त्यांत होती. शेवटी त्या विद्यार्थ्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

त्याचं नाव मी इथे घेणार नाही. नाव घ्यायचं तर लिव्हिउ लिब्रेस्कू यांचं घ्यावं. हे ७६ वर्षांचे प्राध्यापक लहानपणी नाझींच्या छळातून वाचले होते. त्यांनी वर्गाचं दार आपल्या अंगाने रेटून धरलं. तेवढ्या वेळात बहुतेक मुलांनी खिडक्यांतून खाली उड्या मारल्या आणि ती वाचली. सर दाराशीच गेले.

हे सगळं मी फोनवर आईला सांगितलं. आई संगमनेरला असते. पुढच्या वर्षी एम.एस.साठी अमेरिकेला जायचा माझा विचार आहे आणि त्यासाठी कर्जाची चौकशीही झाली आहे. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिकडे वर्गात शिरून मारतात म्हणे. तुला जायलाच हवं का गं?"

आईला घाईने उत्तर द्यायचं नाही, असं मी ठरवलं. हे घडलंच कसं, ते आधी समजून घ्यायला हवं होतं. त्या राज्याच्या गव्हर्नरांनी नेमलेल्या समितीचा अहवाल २००७ च्याच ऑगस्टमध्ये आला. त्यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटल्या.

पहिली गोष्ट शस्त्राची. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधिकाऱ्याने या मुलापासून त्याच्या स्वतःच्याच जिवाला धोका असल्याचं ठरवून उपचारांचा आदेश दिला होता. अशा माणसाला बंदूक विकायला तिथल्या केंद्रीय कायद्यानेच मनाई होती. पण हा आदेश रुग्णालयात भरती न करता बाहेरून उपचार घेण्याचा होता आणि तसे आदेश त्या राज्यात बंदूक विक्रीच्या नोंदवहीत पोहोचतच नव्हते. त्यामुळे दोन्ही पिस्तुलं त्याने दुकानातून रीतसर विकत घेतली. ब्रिटनमध्ये १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा पुढच्याच वर्षी खासगी पिस्तुलांवर बंदी आली. अमेरिकेत तसं झालं नाही. २०१२ मध्ये सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत २० मुलं गेली, २०२२ मध्ये उवाल्डीत १९ गेली. राग आणि एकटेपणा सगळ्याच देशांत असतो. पण हाताशी पिस्तूल असलं की त्याचं काय होतं, ते या आकड्यांतून कळतं.

दुसरी गोष्ट माणसांची. हा मुलगा कुणाच्या लक्षातच आला नव्हता, असं मुळीच नाही. कवयित्री निकी जिओव्हानी यांनी त्याला आपल्या वर्गातून काढायला लावलं होतं. इंग्रजी विभागाच्या प्रमुख लुसिंडा रॉय त्याला एकट्याला बसवून शिकवत होत्या आणि वरिष्ठांना कळवत होत्या. वसतिगृहातल्या मुलांना काहीतरी बिनसल्याचं दिसत होतं, पोलिसांकडे तक्रारी होत्या. शाळेत असताना त्याच्या न बोलण्यावर उपचार झाले होते, वर्गात सवलती मिळाल्या होत्या आणि त्यांचा उपयोगही झाला होता. विद्यापीठाला मात्र त्याचा पत्ता नव्हता. खासगीपणाच्या कायद्यामुळे एकमेकांशी बोलता येत नाही, असा प्रत्येक विभागाचा समज होता. कायदा तेवढा आडवा येत नव्हता, असं समितीने म्हटलं. न्यायाधिकाऱ्याने सांगितलेले उपचार झाले की नाही, हेही कुणी पाहिलं नाही. प्रत्येकाजवळ एकेक तुकडा होता, पण ते एकत्र ठेवायला टेबल नव्हतं.

इथे एक धोका आहे. हे ऐकून कुणी म्हणेल, वर्गात गप्प बसणाऱ्या मुलापासून सावध राहा. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. गप्प राहणारी, एकटी जेवणारी असंख्य मुलं कुणालाही इजा करत नाहीत. मानसिक आजाराची बहुसंख्य माणसं हिंसक नसतात. त्यांचं दुःख बहुतेकदा त्यांच्याच जिवावर उठतं. संशयाने पाहिलं तर ती अधिकच आत जातात.

"हे अमेरिकेचं दुखणं, आपल्याकडे कुठे?" असंही काहीजण म्हणतील. २००७ च्याच ११ डिसेंबरला गुडगावच्या एका शाळेत आठवीतल्या दोन मुलांनी वडिलांच्या पिस्तुलाने वर्गमित्राला मारलं होतं. आपल्या शस्त्रास्त्र कायद्यामुळे बंदूक सहज मिळत नाही, हे आपलं भाग्य. पण पुणे-पिंपरी परिसरात कोयता हातात घेऊन व्हिडिओ करणारी पोरं आपण बातम्यांत पाहतोच.

आणि मोशीतलं आमचं राहणं बघा. एका खोलीत तिघं-चौघं. एक कॉलेजात, एक चाकणला पहिल्या पाळीला, एक भोसरीला रात्रपाळीला. एकाच छताखाली राहून आठ-आठ दिवस तोंड दिसत नाही. लातूर, बीड, जळगावहून आलेल्या पोरांना इथे ना गाव ना गावकी. कुणी खचलं तर कळायचं कसं?

आमच्या पीजीत गेल्या वर्षी एक मुलगी खोलीबाहेर यायची थांबली. अभ्यास करत असेल, असंच सगळ्यांना वाटलं. लक्षात आलं ते डब्याच्या मावशींच्या. "या पोरीचा डबा चार दिवस भरलेला परत येतोय," एवढंच त्या म्हणाल्या. मग मालकीणबाईंनी दार वाजवलं, आम्ही दोघी तिच्याजवळ बसलो, मॅडमनी घरी फोन केला. ती सहा महिने गावी राहिली, उपचार घेतले आणि परत आली. यात कुणी मोठं काम केलं नाही. मावशींनी पाहिलेलं पुढच्या माणसापर्यंत पोहोचलं, इतकंच.

ही गोष्ट एखाद्या मावशींच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. तिचा क्रमांक १४४१६. मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. श्रोतेहो, हा क्रमांक लिहून घ्या.

आईला मी उत्तर दिलं आहे. म्हटलं, "आई, मी जाणार आहे. धोका नाही असं मी म्हणत नाही. पण जाईन तिथे माझ्या खोलीशेजारी कोण राहतं, हे पहिल्या आठवड्यात विचारून घेईन आणि माझा आवाज दोन दिवस आला नाही तर कुणाला फोन करायचा, ते तुला लिहून देईन." आई हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. पासपोर्ट कुठे ठेवलाय, एवढं मात्र तिने विचारलं.

प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी एकच विनंती आहे. रॅगिंगविरोधी फलक आज प्रत्येक कॉलेजच्या भिंतीवर दिसतो. त्याच्याच शेजारी समुपदेशकाचं नाव, खोलीचा क्रमांक आणि भेटायची वेळ लावा. आणि त्या वेळेला ती खोली उघडी ठेवा.