नवा टीव्ही घेण्यापूर्वी

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाची संहिता)



या व्यासपीठावर अध्यात्म आणि इतिहासावर बोलणारे विद्वान येऊन गेले. मी डिप्लोमावाला इंजिनियर. माझा विषय घरगुती आहे : टीव्हीचे चित्र.

‘चित्र डोळ्यांना टोचते’, ‘माणसे लालभडक दिसतात’, ‘आता नवा सेटच घेऊ’ हे संवाद आपल्या कॉलनीत नेहमीचे. निवृत्त मंडळी तर दोष स्वतःच्या डोळ्यांना देतात. डोळे जरूर तपासावेत, पण रिमोटही हातात घ्यावा. गाडी धक्के देते म्हणून आपण लगेच नवा डबा मागवत नाही. आधी ॲडजस्टमेंट बघतो.

दुकानात झगमगाटात दहा सेट ओळीने लावलेले असतात. जो जास्त उजळ आणि निळसर, तो नजरेत भरतो. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड त्या दुकानासाठी असतो. घरी ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा. कार्यक्रम तयार करताना पांढऱ्या रंगाचे प्रमाण साधारण ६५०० केल्विन धरतात. या मोडमध्ये सेट त्याच्या जवळ येतो. आधी चित्र पिवळट वाटेल, घरातून ओरडाही होईल. चार दिवस धीर धरा, डोळा सरावतो.

मग एकेक बटण :

१. ब्राइटनेस : रात्रीचा प्रसंग लावा. काळ्या केसांच्या बटा दिसाव्यात, पण काळा रंग राखाडी होऊ नये. काही नव्या सेटमध्ये ब्राइटनेस म्हणजे पडद्याचा उजेड असतो. तिथे ‘ब्लॅक लेव्हल’ शोधा.

२. कॉन्ट्रास्ट : पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या दिसल्या पाहिजेत.

३. कलर : बातम्या देणाऱ्याचा चेहरा पाहा. सिद्धिविनायकाची आरती लावली, तर शेंदूर शेंदरीच दिसावा, गुलाबी नको.

४. शार्पनेस : यामुळे नवा तपशील येत नाही, कडांभोवती पांढरी रेघ तेवढी उमटते. ती जाईपर्यंत कमी करा.

५. मोशन : चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. सेट मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो, म्हणून सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. ही सोय बंद करा. क्रिकेटला हवी तर ठेवा.

सेट-टॉप बॉक्स आणि पेन ड्राइव्ह यांची सेटिंग बऱ्याच सेटमध्ये वेगवेगळी असते, तेव्हा दोन्हीकडे पाहा. मूळ सिग्नलच खराब असेल, तर मात्र यातले काहीच उपयोगी नाही.

शेवटची गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. आपल्यापैकी अनेकांनी लग्नामुंजीच्या जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या आहेत. ते चित्र ४:३ मापाचे, आजचा पडदा १६:९. पडदा भरावा म्हणून चित्र ताणले, की प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. मेनूत ‘पिक्चर साइज’ ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्या. गावाकडची कितीतरी माणसे आता फक्त त्या कॅसेटींतच भेटतात. नातवंडांना पणजोबा दाखवायचे, तर ते होते तसे दिसायला हवेत. अर्ध्या तासाचे काम आहे आणि खर्च शून्य.

गणपती बाप्पा मोरया!