इंजिन ठोकतंय म्हणजे नेमकं काय?



गणपतीसमोर मोटारीच्या इंजिनावर बोलायचं म्हणजे विषय थोडा वेगळाच. पण बेळगावला तो परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलीचं दुकान याच गावात काढलं, आणि आजही उद्यमबागेत ओतकाम आणि लेथ दिवसभर चालतात.

आपल्यातल्या काही घरांत अजून वडिलांच्या वेळची पद्मिनी, अँबॅसडर किंवा पेट्रोलची जीप उभी आहे. ती ठोकायला लागली की कुणीतरी सांगतं, "इंजिन गेलं, बोअरला काढा." खर्चाचा आकडा ऐकून घरचे गप्प होतात आणि गाडी भंगारात जाते. आमचं म्हणणं इतकंच, की पाना लावण्याआधी आवाज कुठला ते ठरवा. 'नॉकिंग' या एकाच शब्दाखाली लोक चार-पाच वेगळे आवाज घालतात. त्यातला एक अर्ध्या तासात जातो आणि दुसऱ्यासाठी अख्खं इंजिन उतरवावं लागतं.

निपाणीहून बेळगावकडे येताना तवंदीचा घाट लागतो. गाडीत चार माणसं, वेग उतरतोय, गिअर अजून चौथाच आणि पाय दाबलेला. अशा वेळी पत्र्याच्या डब्यात नाणी हलवावीत तसा खळखळ आवाज येतो. गिअर खाली टाकला किंवा पाय सैल केला की थांबतो. खरं नॉकिंग ते हे. ठिणगी पडल्यावर पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका कडेपासून क्रमाने जळत जायला हवं. पण उष्णता आणि दाब फार वाढला, तर ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण एकदम पेटतं आणि त्याचा दणका पिस्टनवर बसतो. दुर्लक्ष केलं तर हेड गॅस्केट जातं, पिस्टनही फुटतो.

चढ असो वा उतार, वरच्या बाजूने सतत टिकटिक ऐकू आली तर बहुधा टॅपेट. सकाळी थंड इंजिनात खटखट आणि गरम झाल्यावर गप्प, तर पिस्टन ढिला. अशी गाडी जपून चालवली तर पुष्कळ चालते. भीती बाळगावी ती खालून येणाऱ्या जड 'ठक-ठक'ची. इंजिनाचा वेग वाढवला की ती वाढते, आणि पाय सोडताना जास्त ऐकू येते. रबरी मोजा घालून एकेका प्लगची टोपी काढून बघा. ज्या सिलिंडरची टोपी काढल्यावर ठोका मंदावतो, तिथलं रॉडचं बेअरिंग झिजलं असं समजायचं. ऑइलचं प्रेशरही उतरलं असेल तर गाडी पुढे एक मैलसुद्धा नेऊ नये, दोर बांधून आणावी. रॉड तुटून ब्लॉक फोडतो तेव्हा दुरुस्तीला काही उरत नाही.

निपाणीकडच्या एका पद्मिनीला असंच बोअरचं निदान मिळालं होतं. आम्ही ती चढावर चालवून पाहिली. आवाज फक्त लोडवर. डेल्को उघडला तर नवा पॉइंट बसवताना गॅप जास्त ठेवलेला. गॅप वाढला की ठिणगी लवकर पडते. आधी गॅप पुस्तकाप्रमाणे केला, मग टायमिंग लाइट लावून डेल्को किंचित मागे फिरवला. क्रम हाच हवा, कारण गॅप बदलला की टायमिंग पुन्हा हलतं. ऐंशी टक्के आवाज गेला. पण चावी बंद केल्यावरही इंजिन दोन-चार धापा टाकत होतं, म्हणजे आत कार्बन साचून निखाऱ्यासारखा तापत होता. हेड उतरवून तो खरवडला, रेडिएटरमधला क्षार काढला. बोअरला हात लावावा लागला नाही.

टायमिंग मागे नेण्याचाही अतिरेक नको. आवाज बंद होतो, पण पिकअप जातो, इंजिन तापतं आणि पेट्रोल जास्त खातं. विसर्जनाच्या मिरवणुकीत तासन्‌तास पहिल्या गिअरमध्ये रांगलेल्या गाड्यांत कार्बनही साचतो आणि उष्णताही. अनंत चतुर्दशीनंतर त्यांचं पाणी आणि प्लग बघून घ्या.

आता पेट्रोलविषयी, कारण हा प्रश्न सगळेच विचारतात. जुन्या काळी नॉकिंग रोखायला पेट्रोलमध्ये शिसं घालत; १९२१ साली अमेरिकेत तो शोध लागला. विषारी म्हणून २००० साली आपल्या देशात ते बंद झालं. आता वीस टक्के इथेनॉल येतं, त्यातलं काही उसाचं. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे नॉकिंगसाठी ते वाईट नाही. मात्र जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रणावर इंजिन तापतं. प्लगचं टोक पांढरं दिसलं तर जेट बदलून घ्यावा. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतात, चिरतात. ते नव्या पेट्रोलला चालणारे बसवा, आणि बसवल्यावर इंजिन चालू ठेवून जोडांवर बोट फिरवून ओल लागते का तेवढं पाहा.