सिनेगॉग, मशीद की देऊळ?
(मारतहळ्ळी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यहुदी लोकांच्या प्रार्थनास्थानाला आपण सिनेगॉग म्हणतो. हा शब्द मूळचा ग्रीक. ‘सिन्’ म्हणजे एकत्र आणि ‘आगेइन्’ म्हणजे नेणे, आणणे. हिब्रूतील ‘बेथ क्नेसेत’ या नावाचेच ते ग्रीक रूप. अर्थ, जमण्याचे घर. इस्राएलच्या संसदेचे नाव ‘क्नेसेत’ हेही त्याच धातूचे.

आपले देऊळ ‘देवकुला’पासून आले, म्हणजे देवाचे घर. मशीद म्हणजे नतमस्तक होण्याची जागा. यहुद्यांच्या शब्दात मात्र देवही नाही आणि नमनही नाही. आहे तो केवळ जमाव. सार्वजनिक प्रार्थनेला त्यांच्या परंपरेने किमान दहा प्रौढ पुरुष मागितले आहेत. वास्तू नसली तरी चालेल, पण दहा हवेत.

मराठी जिभेने मात्र या घराला शेजाऱ्यांचीच नावे दिली. पुण्याच्या कॅम्पातील डेव्हिड ससून यांनी बांधविलेले, 1867 साली पूर्ण झालेले ‘ओहेल डेव्हिड’ लाल विटांचे. पुणेकरांनी त्याचे ‘लाल देऊळ’ करून टाकले. (नाव ठेवण्यात पुणेकर मागे राहतील कसे?) कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घरी मराठी बोलणारे हे लोक आपल्या सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत.

मुंबईच्या मांडवी भागातील त्यांची ‘जुनी मशीद’, म्हणजे ‘शाआर हारहमीम’, दयेचे द्वार, ही 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधली. तिची कथा आपण राहतो त्या मुलखाशी निगडित आहे. दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते; म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपूचे कैदी झाले. सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा त्यांनी नवस केला होता, अशी परंपरा आहे. बेने इस्राएलांच्या देवाला बोललेला हा नवस. शब्द आणि रीत मात्र अस्सल कोकणी! जवळच्या ‘मस्जिद’ रेल्वेस्थानकाचे नावही हिच्यावरूनच पडले, असे पुष्कळांचे म्हणणे आहे.

आज वाहतुकीतून वाट काढीत आपण या सभागृहात जमलो, ते काही दगडविटांसाठी नव्हे. म्हणून ‘जमण्याचे घर’ या नावातली अडचण आपल्याला चटकन उमगेल. देवाचे घर रिकामे असले तरी देऊळच राहते. जमण्याचे घर रिकामे पडले, तर त्याला काय म्हणावे?

1948 नंतर बेने इस्राएलांपैकी बहुतेक इस्राएलला गेले. दिमोना, अश्दोद, बीरशेबा येथील कित्येक घरांत मराठी त्यांच्याबरोबर पोचली. इकडे अलिबागेत 1848 साली स्थापन झालेल्या ‘मागेन अबोथ’ची 1910 साली बांधलेली वास्तू उभी आहे. तिच्या रस्त्याला अजून इस्राएल आळीच म्हणतात. आळीत त्यांची घरे थोडीच उरली आहेत, आणि कोकणातल्या कित्येक सिनेगॉगांत दहाचा आकडा आता रोज भरत नाही.